गंजलेली व्हॅन आणि सहा इंची पट्टी

शनिवार, १ मार्च. दुपारी ४ वाजून १० मिनिटे.

वेळ मुद्दाम लिहून ठेवते आहे. बरोबर याच वेळी फोटोग्राफी क्लासच्या सरांनी माझा गुलाबाचा फोटो पडद्यावर लावला आणि वर्गाला विचारलं, यात काय खटकतंय? अकरा विद्यार्थी, अकरा हात वर. गुलाबाशेजारची मोजपट्टी खटकत होती म्हणे. चौतीस वर्षं मी ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर होते, त्यातली शेवटची नऊ वर्षं मेट्रन. जखमेचा फोटो काढताना शेजारी सहा इंची पट्टी ठेवायचीच, नाहीतर जखम केवढी ते कळणार कसं? मग गुलाबाला वेगळा नियम का? सर म्हणाले, मॅडम, गुलाबाला टाके घालायचे नाहीयेत. वर्ग खिदळला.

सर माझ्यापेक्षा तीस वर्षांनी लहान. नखं अस्वच्छ. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये असल्या नखांना नन्सनी फाटकातूनच परत पाठवलं असतं.

लेखी खुलासा मागणार आहे.

रविवार, २ मार्च

भाची जेवायला आली. दर रविवारी येते. बहीण गेल्यापासून एकही रविवार चुकलेला नाही. वय एकतीस, गाड्यांना रंग द्यायच्या कारखान्यात नोकरी, हाताला कायम थिनरचा वास.

पुढच्या रविवारी मॉडिफाइड गाड्यांचा शो आहे. हिची व्हॅन त्यात आहे. शोमधल्या बारा गाड्या वर्षाच्या कॅलेंडरवर जातात. गेल्या वर्षी ही तेरावी आली. यंदा निवड झाली तर स्वतःचं वर्कशॉप काढायचं म्हणते. कॅलेंडरवरची गाडी कुणी केली हे लोक शोधत येतात म्हणे. निवड दोन गोष्टींवर: परीक्षकांचे गुण, आणि शोच्याच दिवशी काढलेला एक फोटो, तो २० तारखेच्या आत पाठवायचा.

फोटो मी काढणार, असं जाहीर केलं. ती घास हातात धरून थांबली. मग म्हणाली, काढ, पण मावशी, पट्टी नको. सरांनी हिला फोन केला की काय?

शुक्रवार, ७ मार्च

व्हॅन पाहून आले. अरे देवा. जुनी लॉन्ड्रीची व्हॅन, नखशिखांत गंजलेली. दारावर "एका दिवसात धुऊन मिळेल" अशी अर्धवट पुसट अक्षरं. मी म्हटलं, अगं, रंग कधी देणार? परवा शो! ती म्हणाली, हाच रंग आहे. तीन वर्षं मिठाचं पाणी आणि व्हिनेगर मारून, उन्हापावसात ठेवून तिने हा गंज "आणला" आहे. वरून नुसता तेलाचा हात. आणि ती अक्षरं मूळची. त्या अक्षरांसाठीच व्हॅन घेतली. मावशी, बघ, पण हात लावू नकोस, असं दोनदा बजावलं.

हॉस्टेलमध्ये असताना हिची खोलीही अशीच असायची, आणि तेव्हाही ते मुद्दामच असायचं. आळसाला हल्लीच्या मुली काहीतरी नाव देतातच.

बिचारी दमली असणार. दिवसभर नोकरी, वर हे. कुणीतरी मदत करायला हवी.

शनिवार, ८ मार्च

क्लासला गेले नाही. सरांना माझी किंमत कळू दे.

बॅग भरली: कॅमेरा, जादा बॅटरी, कापूस, स्पिरिट, पट्टी (वापरणार नाही, जवळ असावी), तारेची घासणी, धातूचं पॉलिश. भाचीला सांगितलं नाही. सरप्राइज.

रविवार, ९ मार्च. सकाळी ९

मैदानावर पोचले. गोंगाट इतका, की स्वतःचा विचारही ऐकू येत नाही.

पहिली गाडी पोट टेकून जमिनीवर बसलेली. मालकाला म्हटलं, चारही चाकांत हवा नाही. त्याने हसून बटण दाबलं, गाडी उठून उभी राहिली. पुन्हा दाबलं, पुन्हा बसली. मी म्हटलं, हिला अशक्तपणा आहे. दुसरीची मागची चाकं फेंगडी. मुडदूस. बाकी सगळे बॉनेट उघडी टाकून चहाला गेलेले. आमच्या थिएटरमध्ये कुणी पेशंटचं पोट उघडं ठेवून चहाला गेलं असतं, तर मी त्याला जन्मभर चहा पिऊ दिला नसता.

फोटो: ८७. त्यातले ४१ नंबरप्लेटचे. नोंद असलेली बरी.

सकाळी १०.५०

भाची नोंदणीच्या टेबलाकडे गेली. म्हणाली, दहा मिनिटांत येते, व्हॅनकडे लक्ष ठेव. ठेवलं. परीक्षक ११.४० ला येणार. पट्टी लावून आधीचा फोटो घेतला आणि कामाला लागले.

दुपारी १२.१५

मैदानाबाहेर, चहाच्या टपरीच्या बाकावर बसून लिहिते आहे.

नोंदणीला रांग होती, त्यामुळे मला दहाऐवजी पन्नास मिनिटं मिळाली. पूर्ण उजवं दार झालं. हात भरून आले, पण खालून असा पत्रा निघाला, की त्यात तोंड पाहावं. अक्षरं तशीही अर्धवट होती, तीही गेली. जाणारे-येणारे थांबून बघत होते. एकाने तोंडावर हात ठेवला. एकीने व्हिडिओ घेतला. कौतुक कुणाला नको असतं?

मग परीक्षक आल्या, भाची त्यांच्यासोबत. परीक्षकबाईंनी विचारलं, हे कुणी केलं? मी म्हटलं, मी. पूर्वी मेट्रन होते, हेही सांगितलं. बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं आणि भाचीच्या खांद्यावर हात ठेवला. तिने दाराकडे पाहिलं. मग माझ्या हातातल्या घासणीकडे. मागचं दार उघडून आत जाऊन बसली. म्हणजे भारावून गेली असणार.

तेवढ्यात शिट्टी गळ्यात घातलेला एक माणूस आला. आजी, दोरीच्या बाहेर व्हा, म्हणाला. आजी! मी म्हटलं, मी अधिकृत फोटोग्राफर आहे. तो म्हणाला, तुम्ही अधिकृत काय आहात ते आत्ता सगळ्या मैदानाला कळलंय.

आयोजकांनाही पत्र जाणार.

सोमवार, १० मार्च

भाचीला फोन केला. उचलला नाही. नेटवर्क.

मंगळवार, ११ मार्च

चार वेळा फोन. नेटवर्कचं काहीतरी करायला हवं.

गुरुवार, १३ मार्च

सगळे फोटो कॉम्प्युटरवर पाहिले. दार घासल्यानंतरचे २३. चकचकीत दारात प्रत्येक वेळी मीच दिसते आहे, वाकलेली, कॅमेरा डोळ्याला. व्हॅन माझ्या मागे कुठेतरी आहे.

पण आधीचा एक आहे! गंज, अक्षरं, सगळं शाबूत असतानाचा. त्याच दिवशीचा, म्हणजे नियमात बसणारा. कॅलेंडरचं काम झालं म्हणायचं. हाच २० तारखेच्या आत पाठवायचा. स्वतःच्याच पाठीवर थाप मारली.

संध्याकाळी ६

फोटो मोठा करून पाहिला. पट्टी अत्यंत स्पष्ट आली आहे. एकेक मिलिमीटर मोजता येतो. फोकस पट्टीवर आहे. मागे तपकिरी धुकं.

शुक्रवार, १४ मार्च

तो फोटो घेऊन क्लासच्या सरांकडे गेले. खुलासा मागायला नव्हे. विचारलं, धुकं काढता येतं का? त्यांनी बराच वेळ पाहिलं. हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, मॅडम, जे कॅमेऱ्यात आलंच नाही ते आणायचं कुठून? मग विचारलं, हा गंज करायला किती दिवस लागले असतील? मी म्हटलं, तीन वर्षं. ते म्हणाले, आणि काढायला? मी पर्स उचलली आणि निघाले. आगाऊ माणूस.

रविवार, १६ मार्च

एक वाजता दोन ताटं वाढली. दोन वाजता एक झाकून ठेवलं. तीन वाजता व्हॅन पंक्चर झाली असणार असं ठरवलं. चार वाजता आठवलं, की रस्ता ओलांडला की बसथांबा आहे आणि ती नेहमी बसनेच येते.

संध्याकाळी तिचा मेसेज आला. मावशी, मी ठीक आहे. थोडे दिवस नाही येणार. जेवून घे.

जेवले नाही.

मंगळवार, १८ मार्च. सकाळी ७

काल कारखान्यात जाऊन आले. ती एका बॉनेटला रंग मारत होती. तोंडावर मास्क, डोळे तेवढे दिसत होते. मी म्हटलं, तुझ्या भल्यासाठीच केलं. तिने मास्क काढला नाही. आतूनच म्हणाली, मावशी, तू मला एकदा तरी विचारायचंस. बाकी काही नाही. आवाज चढवला नाही. मला ओरडणारी माणसं हाताळता येतात. सर्जनसुद्धा हाताळले आहेत. हे कसं हाताळतात ते कुणी शिकवलं नाही.

सरांना लिहिलेलं पत्र फाडलं. आयोजकांना लिहिलेलंही. एकच पत्र पाठवते आहे, रजिस्टर पोस्टाने. त्याची नक्कल इथे ठेवते. हा चौथा मसुदा. पहिल्या तिन्हींत "चूक झाली असल्यास" असं होतं. "असल्यास" खोडून पुन्हा लिहिलं.

प्रति, भाची.
विषय: दि. ९ मार्च रोजी व्हॅनच्या उजव्या दाराची झालेली नासधूस.

वरील विषयास अनुसरून कळविण्यात येते, की चूक झाली. ती मी केली. तू दोनदा सांगितलं होतंस, आणि दोन्ही वेळा मला ऐकू आलं होतं. दार पूर्ववत करण्यास तीन वर्षं लागतील, याची कल्पना आहे. मिठाचं पाणी आणि व्हिनेगर मी आणीन. तू सांगशील तेवढंच आणि तू सांगशील तिथेच लावीन. कॅमेरा आणणार नाही.

तरी कृपया शनिवार, २२ मार्च, संध्याकाळी ५ वाजेपर्यंत लेखी उत्तर द्यावे. एक शब्द चालेल. नकार असला तरी लेखी द्यावा. रविवारी किती ताटं मांडायची, हे मला आदल्या दिवशी कळायला हवं.

मावशी