माझ्या फोल्डरातलं बिऱ्हाड

सोमवार, ३ मार्च
आजही नाहीच! नमुन्यांची छाननी करणारा प्रोग्राम प्रयोगशाळेच्या सर्व्हरवर टाकून द्या, म्हणून हा माझा चौथा अर्ज. सिस्टिमवाला — मी त्याला मनात कुलूपराव म्हणते — मान वर न करता म्हणाला, "मॅडम, कंत्राटी लोकांना ॲडमिन पासवर्ड मिळत नाही." पासवर्ड कुणी मागितला? तुम्हीच टाका म्हटलं. "बघू." ह्याचं 'बघू' ऐकून कान किटले.

एकतीसला माझं कंत्राट संपतंय. छाननी झाली नाही तर मुदतवाढ विसरा.

गुरुवार, ६ मार्च
टाकते माझ्याच फोल्डरात. तिथे कुणाच्या बापाची परवानगी लागत नाही. सोर्स कोड उतरवला, काळ्या खिडकीत कमांड दिली. एक लायब्ररी, म्हणजे प्रोग्रामला लागणारा जोड-कोड, नाही म्हणे. ती आणली, तर तिला दुसरी हवी. दुसरीला तिसरी! एकीला बोलवावं तर सगळी भावकी दारात.

मंगळवार, ११ मार्च
चाललं!! पाथमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर प्रोग्राम कुठे कुठे शोधतो त्या यादीत, माझ्या फोल्डरचा पत्ता घालायचा राहिला होता. एक ओळ! तिच्यापायी दीड दिवस डोकेफोड.

सोमवार, १७ मार्च
आता अख्खी प्रयोगशाळा आपापल्या पाथमध्ये माझ्या फोल्डरचा पत्ता घालून बसली आहे. सगळ्यांची छाननी माझ्या जिवावर. आणि मीटिंगमध्ये मोठ्या बाई, आमच्या प्रमुख, काय म्हणाल्या? "सिस्टिमवाल्यांनी छान सोय केली हं." कुलूपराव ढिम्म. एक शब्द नाही! तळपायाची आग मस्तकात गेली.

गुरुवार, २७ मार्च
मुदतवाढीचं पत्र नाही. फोनवर आई — "अगं, कायम कधी करणार तुला?" काम आहे म्हणून फोन ठेवला. काम कसलं, रडत होते.

शुक्रवार, २८ मार्च
सगळे गेल्यावर फोल्डर पुसला. एक ओळ, एंटर. कंत्राटी लोकांच्या फोल्डरचा बॅकअप घेत नाहीत — हा नियमही कुलूपरावांनीच ऐकवलेला. बसा आता बोंबलत! घरी येताना फार हलकं वाटलं.

सोमवार, ३१ मार्च
माझ्या टेबलावर एक प्रत. कुलूपरावांनी मोठ्या बाईंना लिहिलेलं पत्र, तारीख सतरा. "ही सोय माझी नाही. ॲडमिन पासवर्ड मुख्य कार्यालयाने मलाही दिलेला नाही, दोन वर्षं मागतो आहे. सगळं मॅडमनी स्वतःच्या फोल्डरात उभं केलं. त्यांना कायम करावं."

खाली बाईंचा शेरा — "सोमवारी, एकतीसला, सकाळी दहाला त्यांना प्रोग्राम समितीसमोर चालवून दाखवू द्या. लगेच सही करते."

पावणेदहा झालेत.