एकशे तीस की एकशे अठ्ठावीस

२९ मे १९५५

—मार्च एकतीस, एप्रिल तीस, मे... पुन्हा चुकलो. पुन्हा पंचवीस जानेवारीपासून. माझा मुलगा कासम गेला त्या दिवसापासून.

सून ताहेराची इद्दत, नवऱ्यामागं घरात बसायची मुदत, चार महिने दहा दिवस. तोवर तिनं उंबरा ओलांडायचा नाही. माझी बायको जोहराबी तिला खिडकीतसुद्धा उभं राहू देत नाही. ताहेराला पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजचं बोलावणं आहे— शनिवारी, चार जूनला, सकाळी दहाला. गेली नाही तर जागा दुसरीला.

सरळ एकशे तीस दिवस धरले तर इद्दत संपते चार जूनच्या संध्याकाळी!

जोहराबी आतून म्हणाली, "जन्मभर दुसऱ्यांच्या पोरांना गणित शिकवलंत. घरातल्या पोरीचं सुटंना व्हय?"

३० मे

काझी रहमतुल्लांकडे गेलो. म्हणाले, "चांदाच्या पहिल्या तारखेला गेला असंल तर चार महिने चांदाचे धरा, मास्तर. नायतर एकशे तीस."

कासम गेला त्या संध्याकाळीच चांद दिसला होता. आमची तारीख सूर्यास्ताला बदलते. त्या दिवशी सूर्यास्त सहा सत्तावीसला. डॉक्टरांच्या दाखल्यावर मृत्यूची वेळ सहा बत्तीस. म्हणजे पहिली तारीख! चांदाचे चार महिने भरले एकशे अठरा दिवस, वर दहा. दोन जूनच्या संध्याकाळी मोकळी.

काझी म्हणाले, "पाच मिनिटांनी पोरीचं काम केलं, राव!"

घरी सांगितलं. ताहेरा हसली. चार महिन्यांनी.

३१ मे

डॉक्टरांनी वेळ आमच्या भिंतीवरच्या घड्याळात पाहिली होती. ते दहा मिनिटं पुढं आहे. मीच केलेलं— कासमची आळे गावच्या शाळेत शिकवायला जायची गाडी चुकायची म्हणून. कुणाला सांगितलं नव्हतं. सांगून उपयोग काय झाला असता!

सहा बावीस. ऊन होतं अजून. म्हणजे आदली तारीख, पुन्हा एकशे तीस.

१ जून

दिवसभर दाखला काढून पुन्हा पुन्हा वाचला.

२ जून

राहवलं नाही. दोघींना सांगितलं.

ताहेरानं भरलेली पिशवी उघडली. कागद काढून फडताळात ठेवले.

जोहराबी म्हणाली, "तुमचं मन हलकं झालं. आता तिनं काय करायचं?"

थकलो आहे. पोराच्या मरणाची मिनिटं बापानं मोजायची!

३ जून

सकाळी उठलो तर दोघी घरात नव्हत्या. शेजारच्या हौशीरामनं सांगितलं, "पहिल्या गाडीनं पुण्याला गेल्या, मास्तर. ताहेरा माघारी वळत व्हती. जोहराबींनी हाताला धरून आधी तिला चढवलं, मग सोता चढल्या."