मागे न येणारी गाडी

१३ जुलै, सानगडी
गाडीचा रिव्हर्स गेला. गाडी ऑटोमॅटिक, सेकंड हँड. 'डी' टाकला की पुढे जाते, 'आर' टाकला की नुसती गुरगुरते. काल बारशाहून निघताना कामिनीने शालू खोचून धक्का मारला आणि तिथूनच माहेरी लाखांदूरला गेली. म्हणे, मी बायको आहो, धक्का माराले ठेवलेला गडी नाही. गाडी आपल्या मनानं मांगं येईन तवाच मले न्याले या. अट माफक आहे.

१४ जुलै, भंडारा
मेकॅनिक गोपीचंदने गिअरबॉक्सचे तेल बोटावर घेऊन हुंगले. जळलं म्हणे, खोलावं लागन, गाडी ठेवून जा, चालवू नका. आम्ही न्यायशास्त्र शिकलेली माणसे. वासावरून निदान मान्य नाही. घेऊन परत आलो. वाटेत कुठेही मागे घ्यावी लागली नाही, हे लक्षणीय.

१५ जुलै
स्वतःच दुरुस्त केली. जुने तेल काढून ट्रॅक्टरचे गिअर ऑइल भरले. अंगणात 'आर' टाकला. गाडी मागे आली! अंगणाला उतार आहे. पण तो पूर्वीही होता. तृप्ती म्हणाली, बाबा, बंद केली तरी येऊनच राहिली. मुलीला निरीक्षण आहे, अनुमान नाही.

१६ जुलै, लाखांदूर
वाटेत हिसके दिले. तेल नवीन आहे. थाटात उतरत्या बोळातून थेट सासऱ्यांच्या फाटकात शिरलो. कामिनी पिशवी घेऊन बसली. 'आर' टाकला. गाडी हलेना. तेल मुरायचे असेल. कामिनी उतरली, पिशवीसकट.

संध्याकाळ
'डी'ही गेला. आत सासऱ्यांचा ट्रॅक्टर कोंडलेला, उद्या त्यांचा रोवणा, म्हणजे भातलावणी; चिखलणी बाकी. सासरे घनश्यामजी म्हणे, जवाईबापू, पोरीले न्याले आले का फाटकाले कुलूप लावाले?

१७ जुलै
शेजाऱ्याच्या हल्यांची, म्हणजे रेड्यांची, जोडी लावून गाडी ओढून काढली. तोवर रोवणाऱ्या बाया दुसऱ्याच्या बांधीत, त्याच्या भातखाचरात, गेल्या. सासूबाई आनंदाबाई म्हणे, आता घरचेच हात लावा. घरच्या हातांत माझेही धरले आहेत. डायरीला मजकूर तरी मिळेल.

१८ जुलै
तृप्ती घरी एकटी, म्हणून कामिनी एसटीने निघाली. मी थांबलो. गाडी घेतल्याशिवाय जाऊ नका, असा सासऱ्यांचा दंडक; आणि गोपीचंद म्हणतो, सवडीनं येतो.

भाताचा रोवणा मागे सरकत करतात, हे आज कळले. मी पुढे गेलो, लावलेले परे तुडवले. आनंदाबाई ओरडल्या, जवाई, मांगं, मांगं! तेवढ्यात बांधीशेजारच्या रस्त्याने एसटी गेली. खिडकीत कामिनी होती.

गुडघाभर चिखलात, ओणव्याने मागे येणाऱ्या मला तिने बहुधा ओळखले नसावे.