आळशी बंदर

६ मार्च
तीन बंदरं, त्यातलं एक निवडायचं! आमच्या बोटवाल्याचा, म्हणजे नवऱ्याचा, मेसेज आला तेव्हा मी लॅबमध्ये होते, हातात कुणाचं तरी रक्त. नळी सुटता सुटता राहिली. चौदा महिन्यांनी भेटणार. बोट धक्क्याला लागली की कंपनी बायकोला पास देते. त्यानंतर तो पुन्हा सात महिने लांब.
खरं सांगायचं तर फोटो बघितल्याशिवाय मला त्याचा चेहरा आठवत नाही हल्ली. हे कुणाला सांगणार? म्हणून इथे.

८ मार्च
कंपनीच्या एजंटला फोन केला. वैतागलेलाच होता. "पहिल्या बंदरात बोट आठ तास थांबते, बाई. दुसऱ्यात दीड दिवस, पण धक्का गावापासून लांब. तिसरं? तिथे कसली घाईच नाही हो! दुपारी क्रेनवाले झोपतात, पावसाची सर आली की काम बंद. पाच दिवस धरूनच चाला."
बिचारा तक्रार करत होता. मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

९ मार्च
बोटवाला म्हणतो, पहिलंच घे. "आठ तर आठ, पण पक्के आहेत." मी म्हटलं, आठ तासांत तुझी दाढीसुद्धा होत नाही!
सासूबाई माझ्या बाजूने. "माझा लेक जन्माचा आळशी. ते गाव मानवेल त्याला."
तिसरं ठरलं. म्हणजे मीच ठरवलं.

१७ मार्च
लॅबच्या मॅडमपुढे दातांच्या कण्या केल्या तेव्हा रजा मिळाली. चारच दिवस.
तो म्हणाला, लाल ओढणी आण. लांबून ओळखेन.

२२ मार्च
पोचले. गाव इतकं निवांत! रस्त्याच्या मधोमध कुत्री झोपलेली, रिक्षा वळसा घालून जातात, हॉर्न नाही. लॉजच्या मालकिणीने माझी किल्ली वीस मिनिटं शोधली आणि स्वतःच खो खो हसली. समुद्र खिडकीतून दिसतो.
लाल ओढणी घरीच, दोरीवर! गळ्यात निळी आहे.
बोट अजून धक्क्याला लागलेली नाही.

२३ मार्च
बंदराचं ऑफिस. पंख्याखाली साहेब. "रांग आहे, ताई. बाहेर एकोणीस बोटी नांगर टाकून उभ्यात. तुमची बारावी."
"किती दिवस लागतील?"
"लागतील की."
जे बंदर आमच्या बोटीला पाच दिवस लावणार, ते पुढच्या अकरा बोटींनाही लावणारच ना! एवढं साधं माझ्या डोक्यात कसं आलं नाही? स्वतःच्या हाताने पायावर धोंडा पाडून घेतला.

२४ मार्च
पुन्हा ऑफिस. पास फक्त धक्क्यावरच्या बोटीसाठी. बाहेर उभ्या बोटीवर जाता येत नाही, तिथून कुणाला उतरता येत नाही. एका होडीवाल्याला विचारलं. "नेईन हो, पण वरून शिडी कोण सोडणार?"
तिथेच पायरीवर बसून रडले. त्याने पाण्याची बाटली पुढे केली.

२५ मार्च
फोन लागला. जेमतेम मिनिटभर.
"लॉज कुठलं?"
"पिवळं, दीपगृहाजवळचं."
"पाच वाजता गच्चीवर ये. मी दुर्बीण घेऊन—" तुटला. ओढणीचं सांगायचं राहिलंच. आणि इथली निम्मी लॉजं पिवळी!
पाच ते सहा उभी होते. पाण्यावर नुसते काळे ठिपके. त्यातला आपला कुठला? सगळ्यांनाच ओढणी हलवून दाखवली. शेजारच्या पिवळ्या लॉजच्या गच्चीवर एक बाई लाल चादरी झटकून झटकून वाळत घालत होती. माझ्याकडे बघून हसली. तिला काय वाटलं असेल कोण जाणे.
उद्या सकाळचं विमान.

२६ मार्च
विमानतळ. त्याचा फोन आला.
"दिसलीस गं! लाल ओढणी लगेच ओळखली. काय जोरात हलवत होतीस! तासभर दुर्बीण खाली ठेवली नाही मी."
माझी निळी होती. लाल त्या चादरी.
"हो ना," म्हटलं. "हात अजून दुखतोय."