रविवारची दाढी

प्रिय धाकटे,

तुझं पार्सल पोचलं. बाबांना स्वेटर अगदी मापात बसला. आता तो अंगावरून उतरत नाही, आणि कारखान्यात येईल त्याला तो हात लावून बघावा लागतो. मागच्या थंडीत मी विणलेला म्हणे गळ्याला टोचतो. टोचू दे बापडा.

रागावू नकोस, पण आज मनातलं सगळं लिहिणार आहे. मला तुझा हेवा वाटतो. हेवा कसला, चांगली जळफळते मी.

परवा जीन्स धुणाऱ्या कंपनीच्या बाई आल्या होत्या. नव्या पँटी जुन्या दिसाव्यात म्हणून त्या आपला वज्रीचा दगड यंत्रात कपड्यांबरोबर घुसळतात. त्यांनी विचारलं, दगड असून हा तरंगतो कसा? मी तोंड उघडणार, तेवढ्यात बाबा सुरू. दूध उतू जाताना फेस येतो ना, तसा डोंगराच्या पोटातला वितळलेला दगड उतू गेला. आतला वायू फसफसत सुटला आणि फेस खाली बसायच्या आत गार होऊन गोठला. म्हणून यात दगड कमी, भोकं जास्त. आणि मग, हे दुधाचं आमच्या धाकटीनं शोधलं बरं का, एवढीशी होती! अगं, ते मी म्हटलं होतं. दूध माझ्याच हातून उतू गेलं होतं आणि बोलणीही मीच खाल्ली होती.

पाठोपाठ तुझी टाकीची गोष्ट आलीच. तरंगला तो दगड पाय घासायच्या वज्रीला, बुडाला तो कुंड्यांत नाहीतर हलक्या विटांत, आणि बघायचं ते पाण्यात सोडल्यासोडल्या, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. तू सगळा माल टाकीत सोडून खेळायला पळालीस. भोकाभोकांत पाणी शिरून चांगला मालही तळाला गेला, आणि तू तो खुशाल विटांच्या ढिगात ओतलास! बाबा अजून डोळे पुसत हसतात. तो ढीग परत निवडून उन्हात वाळवला कुणी, ते गोष्टीत येत नाही. माझ्या हातून करवतीचं पातं तुटलं तेव्हा मात्र कुणाला हसू आलं नव्हतं.

पिकतं तिथे विकत नाही, हेच खरं. आपल्या गावात वज्री कुणी विकत घेतं का? वाटेवर पडलेली उचलतात. तशी मी. बाबांचा गुडघा शेकते, गिऱ्हाईक सांभाळते, आणि माझ्याशी बोलणं काय, तर चहात साखर कमी पडली. रविवारी तुझा फोन असला की स्वारी सकाळपासून आरशापुढे. घोटून दाढी, धुतलेला शर्ट, केसांना तेल. साधा फोन गं, त्यात कुठे तोंड दिसतंय? उरलेला आठवडा ते पांढरे खुंट माझ्या वाट्याला. तू विचारतेस, ताई कशी आहे. तर म्हणतात, तिला काय धाड भरलीय, आहे की इथेच.

तर, त्या बाईंनी मला बोलावलंय. समुद्रापलीकडच्या त्यांच्या कारखान्यात माल पारखायला माणूस हवंय, महिनाभर. मी हो म्हटलंय. बाबांना सांगितलं तर म्हणाले, जा की, आणि पेपरात डोकं घातलं. तुझी रजा साठलीय म्हणतेस ना? ती घे आणि ये. गुडघ्याचं तेल फडताळात खालच्या कप्प्यात आहे. साखर एकच चमचा, कितीही कुरकुरले तरी. रविवारी मी फोन करीन, हे त्यांना माहीत आहे. तू त्यांना आठवण करू नकोस, शर्ट काढून ठेवू नकोस, काही म्हणजे काही करू नकोस. फक्त बघ, ते दाढी करतात का. आणि नाही केली, तर माझं मन राखायला केली म्हणून सांगू नकोस. तुला माझी शपथ आहे.

तुझ्यावर जळणारी, तरी तुझीच,
ताई