पिवळ्या टोपीमागे

३ फेब्रुवारी

आज हिला समुद्रावर नेलं. लेकीच्या घराजवळची गल्ली ओलांडली की वाळूच. दवाखान्यातून सुटल्यापासून मी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. चाललं की छातीत धडधडतं. पण हिच्या गुडघ्यांना पाण्यातला व्यायाम हवा, असं लेक म्हणते. या वयात पोहायला शिकणार! आणि बुडाली म्हणजे?

४ फेब्रुवारी

झोप नाही.

५ फेब्रुवारी

सगळ्या बायकांना पिवळ्या टोप्या. शिकवणारी मुलगी हातात तरंगायच्या फळ्या देते आणि कमरेएवढ्या पाण्यातून त्यांना किनाऱ्याने पुढे नेते. ही दिसेनाशी झाली. मग मीही वाळूवरून बरोबरीने चाललो. करतो काय! मुलगी ओरडली, "आजोबा, आजी पळून नाही जात!"

हसा म्हणावं. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

ही बाहेर आली तेव्हा ओठ निळे, फळी छातीशी घट्ट धरलेली. "फार मजा आली," म्हणाली.

९ फेब्रुवारी

फजिती! टोपीवर नजर ठेवून चालत राहिलो. धुकं होतं. पाणी आणि आभाळ एक झालेलं — अशी जोडणी की शिवण दिसू नये. ओली वाळू मऊ लागत होती. टोपी संथ तरंगत चाललेली. वाटलं, असंच चालावं, कुठे पोचूच नये. धडधड आठवलीसुद्धा नाही. थेट टोकाच्या खडकांपर्यंत गेलो. तिथे टोपी पाण्याबाहेर आली — भलतीच बाई!

मागून ही झपाझप आली. "अहो, दुसऱ्याच्या बायकोमागे कुठवर जाणार होतात?"

लेक रागावेल वाटलं, तर ती खूश. "खडकांपर्यंत? चालत? बाबा!" यात एवढं काय?

१० फेब्रुवारी

हिच्या टोपीला लाल ठिगळ लावलं. आयुष्य शिवणयंत्रावर गेलं, पण असलं काम पहिलंच. "आगीच्या बंबासारखी दिसेन की!" म्हणाली. दिसू दे.

१४ फेब्रुवारी

हिच्या डोक्यावरून लाट गेली. मी विजारीसकट पाण्यात धावलो. हिने माझा दंड असा धरला की वळ उठले. म्हटलं, पुरे आता, उद्यापासून बंद. तर दात वाजत असतानाच म्हणते, "उद्या यायचंच. तुम्ही पण." हट्टी बाई!

संध्याकाळी लेकीजवळ कुरकुर केली, तेव्हा तिच्या तोंडून निसटलं. हिचे गुडघे ठणठणीत आहेत. रोज चालायला तर डॉक्टरांनी मलाच सांगितलं होतं, आणि मी टाळत होतो. "तुम्ही कशानेच बाहेर पडेनात, बाबा. आईच्या काळजीने तरी पडाल, असं आईच म्हणाली. नाहीतर ती पाण्याला किती घाबरते!"

१५ फेब्रुवारी

सकाळी मीच आधी चपला घातल्या. म्हटलं, "आज पाण्यात नको. माझ्याबरोबर चाल."

ही हातातली टोपी टाकून "सुटले बाई!" म्हणत मटकन पायरीवर बसली आणि रडायला लागली.