अकराशे बायकांची मापं

भूम, बुधवार

प्रिय शिवांजली,

सहा वर्षांनी माझं अक्षर पाहून आधी तुला वाटलं असेल, कुणाचं तरी काही झालं. तसं काही नाही. इथं सगळे ठीक आहेत, आई अजून चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवते आणि मला हिणवते. परवा बनाबाई पिशवीभर कापड घेऊन दुकानात आल्या आणि बसायच्या आधीच म्हणाल्या, "शिवांजलीबाई दुकान टाकायल्यात की ईटला. मशीन आली, आता कॉम्प्युटर घेते म्हणायल्यात. तुला ठाव न्हाय व्हय?" मला ठाऊक नव्हतं. दोन मिनिटं मी टेप नुसता बोटाला गुंडाळत बसले आणि मग मला आनंद झाला. आधी आनंद झाला असं लिहिणं सोपं होतं, पण क्रम हा असा होता.

तू कॉम्प्युटर घेणार म्हणून हे न विचारलेल्या सल्ल्याचं पत्र. सल्ला फुकटचा नाही, मी तो चांगलाच अंगावर काढलेला आहे. तेव्हा चहा घेऊन बस.

शिवकांताबाईंच्या थोरल्या मुलीचं लग्न ठरलं आणि ब्लाउजं आपल्याकडे आली. तेवीस जणींची. त्यातल्या सोळा जणी भूममध्ये नाहीतच. कुणी बार्शीला, कुणी सोलापूरला, दोघी पुण्यात, एक हैदराबादेत. सगळ्यांची कापडं एसटीनं आली, प्रत्येक पिशवीत चिठ्ठी, "माप ताईंकडे आहे." ही रीत तूच पाडलीस, आपण दोघी मिळून दुकान चालवायचो तेव्हा. लग्न होऊन जाणाऱ्या प्रत्येक पोरीला तू सांगायचीस, माप इथं ठेवून जा आणि कापड पाठवत जा, सासरचा शिंपी काही का असेना. त्या एका वाक्यावर हे दुकान उभं आहे. आजवर अकराशे बायकांनी मापं दिली आहेत, आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त जणी वर्षानुवर्षं दुकानाची पायरी चढलेल्या नाहीत.

लग्नाला सतरा दिवस होते. गुरुवारी सकाळी मी कॉम्प्युटर सुरू केला तर पडदा काळाच. आतून टक् टक् आवाज, दाराशी कुणी नख वाजवावं तसा. मग तोही थांबला. मी घाबरले नाही. डायरीत तीन वर्षं दर बाजाराच्या दिवशी एक ओळ आहे, "मापांचा बॅकअप घेतला." पेन ड्राइव्ह गल्ल्याशेजारच्या डब्यात, बटणांच्या वरच. निवांतपणे तो काढला आणि समोरच्या झेरॉक्सवाल्याकडे लावून बघितला. सगळ्या गावांची नावं दिसली, भूम, वालवड, पाथरूड, ईट. एकावर बोट दाबलं तर काही उघडेना. दुसऱ्यावर दाबलं, तेही नाही. मग एकेक करत सगळीच दाबून पाहिली.

कॉम्प्युटर मांडीवर घेऊन धाराशिवला निघाले. कंडक्टर म्हणाला, "ताई, लेकराचं अर्धं तिकीट फाडू का?" सगळी गाडी हसली, मीही हसले, कारण रडले असते तर जास्तच शोभा झाली असती. बसस्टँडपलीकडे महालिंगप्पा म्हणून एक दुरुस्तीवाले आहेत, साठीचे, कपाळाला भस्म, डोळ्याला भिंग. कॉम्प्युटरचा डबा समोर ठेवला तर त्यांनी हात लावायच्या आधी विचारलं, "अय्यो, याला स्वेटर कुणी घातलं?"

मीच घातलं होतं. तुला आठवत असेल, मला उघडी वस्तू बघवत नाही. मी त्याला कव्हर शिवलं होतं. साधं नव्हे, आतून स्पंज, बाहेरून खणाचं कापड, कडेला पायपिंग आणि मागे वायरींपुरतं काज. इतकं मापात बसलं होतं की वाऱ्यालाही शिरायला जागा नव्हती. येणारी प्रत्येक बाई कौतुक करायची, त्यामुळे मी ते कॉम्प्युटर चालू असतानाही काढत नसे. महालिंगप्पांनी झाकण उघडलं आणि आतल्या पंख्यातून चिमट्यानं दोरे, सूत, पिंजण असं काढत गेले. लाल, मोरपंखी, सोनेरी. वर्तमानपत्रावर ढीग झाला. "बाई," ते म्हणाले, "एक उशी भरंल. बिचारं आत उकडून मेलं." त्यांच्या म्हणण्याप्रमाणे चक्ती, म्हणजे सगळं साठवणारी आतली हार्ड डिस्क, आधीच जुनी होती, उष्णतेनं तिचं आयुष्य संपवलं. इतक्या वर्षांच्या कामात माझं एकही कापड तंग झालं नाही, आणि झालं ते हेच.

पेन ड्राइव्हचं कोडं त्यांनी एका नजरेत सोडवलं. डेस्कटॉपवर गावांची जी चित्रं दिसतात ती फाइल नसते, फाइलकडे जायची वाट असते. मी दर आठवड्याला त्या वाटा उचलून पेन ड्राइव्हवर ठेवत होते. "ताई, दुकानाची पाटी तेवढी घरी नेली तुम्ही, दुकान तिथंच राहिलं." मी विचारलं, तीन वर्षं? ते म्हणाले, "नेमानं केलं मात्र." हे कौतुक होतं की टोमणा, मी अजून ठरवते आहे. खरं सांगायचं तर मला कॉम्प्युटर मेल्यापेक्षा याची लाज जास्त वाटली. डायरीत तीन वर्षं दर आठवड्याला प्रामाणिकपणानं मी एक खोटी ओळ लिहीत होते, आणि एकदाही उघडून पाहिलं नव्हतं.

चक्ती वाचवता येईल का हे ते चार दिवसांनी सांगणार होते. आणखी एक गोष्ट मनाला लागली. अकराशे बायकांनी आपल्या अंगाची मापं विश्वासानं दिलेली, आणि ती एका परक्या माणसाच्या टेबलावर सोडून मी निघणार. मी चाचरत तसं बोलले. त्यांना राग आला नाही. त्यांनी लेकीला हाक मारली, ती तिथंच काम करते, आणि म्हणाले, "हे काम ही करंल, म्या बघणारबी न्हाय." मी सुटले.

ते चार दिवस मात्र ऐकण्यासारखे होते. शिवकांताबाईंना सांगितलं तर त्या कमरेवर हात ठेवून उभ्या. "मापं न्हाईत म्हंजे? लग्नात बायका काय शाली पांघरून फिरतील व्हय?" नवरीच्या पुण्याच्या मावशीला फोन केला की घरच्या घरी टेप लावून सांगा. त्या कुजबुजत म्हणाल्या, "समोर सासरे बसलेत, मागच्यापेक्षा दोन बोटं वाढव." मागचं माझ्याकडे असतं तर हवं काय होतं! गावातल्या बायकांची मापं मी नव्याने घ्यायला लागले. सत्तरीच्या दगडाबाई हात पसरून उभ्या राहिल्या आणि खुशीत म्हणाल्या, "गेली ती मापं? बरं झालं बाई. त्या मापात म्या दोन वर्षं श्वास धरून बसायले, तुला सांगायची लाज वाटायली." त्या दिवशी कळलं की जपून ठेवलेल्या मापांतली कितीतरी मुळात शिळीच होती. आता दर दोन वर्षांनी येईल तिला टेप लावायचा असं ठरवलंय. तूही लाव.

पाचव्या दिवशी फोन आला. महालिंगप्पांच्या लेकीनं चार गावं सोडून सगळं वाचवलं होतं, आणि सोळाच्या सोळा जणींची माहेरं वाचलेल्या गावांतली. मी फोन ठेवून दुकानाच्या मधोमध टाळी वाजवली. नंतरचे दिवस मशीन थांबली नाही. रविवारी लग्न झालं. हैदराबादची ती मांडवात मला शोधत आली, दोन्ही हात वर करून दाखवले आणि म्हणाली, "कुठं ओढत न्हाय बघा!" तेवीसपैकी एकही उसवावं लागलं नाही.

आता तुझ्यासाठी शहाणपण. जुना कॉम्प्युटर कुणी देत असेल तर लगेच नाही म्हणू नकोस. आतली फिरती चक्ती काढून न फिरणारी एसएसडी टाकली आणि रॅम आठ जीबी केली की मापांच्या कामाला तो पळतो. पण आधी नवीन विंडोज त्यावर चालेल का ते विचार. माझ्या जुन्या विंडोजला आता सुरक्षेचे अपडेट येत नाहीत, आणि माझा प्रोसेसर नव्याला चालत नव्हता, म्हणून मला अख्खा डबाच बदलावा लागला. युपीएस घे, ईटची वीज तुला मी काय सांगू. डबा कटिंगच्या टेबलापासून लांब आणि जमिनीपासून उंच ठेव, महिन्यातून एकदा बंद करून हवेच्या पंपानं आतली धूळ उडव. आणि शिवांजली, काहीही शिवू नकोस त्याला.

मापं तीन ठिकाणी असू देत. एक कॉम्प्युटरमध्ये. एक इंटरनेटवरच्या खात्यात, ज्याचा पासवर्ड तुला पाठ आहे आणि भिंतीवर लिहिलेला नाही. आणि एक बाहेरच्या डिस्कवर, जी कॉपी झाली की काढून ठेवायची, नाहीतर एखादा व्हायरस दोन्ही एकदमच गिळतो. गिऱ्हाइकाचा पेन ड्राइव्ह कुठल्याच कारणानं लावू देऊ नकोस. आणि महिन्याला एकदा त्या डिस्कवरची कुठल्याही एका बाईची फाइल दुसऱ्याच कॉम्प्युटरवर उघड, तिचा मुंढा किती, बाही किती वाच. आकडे दिसले तरच डायरीत लिही.

महालिंगप्पांनी शेवटी एक सांगितलं. ही डिस्क दुकानात ठेवायची नाही. आग लागली, चोरी झाली तर कॉम्प्युटर आणि डिस्क दोन्ही जातात. घरीही नको, कारण माझं घर दुकानाच्या वरच आहे. "दुसऱ्या गावात तुमचं कुणी विश्वासाचं न्हाय का?" हा प्रश्न त्यांनी साधाच विचारला होता. मी परतीच्या गाडीत येरमाळ्यापर्यंत त्याचाच विचार करत होते.

शिवांजली, भाऊजींची ईटला बदली झाली तेव्हा तू मापांची एक प्रत मागितली होतीस. मी म्हणाले, या प्रोग्राममधून कॉपी निघत नाही, धाराशिवहून माणूस आणावा लागेल. निघत होती. समोरच्या झेरॉक्सवाल्यानं दहा मिनिटांत काढून दिली असती. ईटकडची निम्मी गिऱ्हाइकं तुझ्यामागे जातील ही भीती होती, आणि डायरीतसुद्धा मी "शिवांजलीला मापं देता आली नाहीत" एवढंच लिहिलं. तू फोन करायची थांबलीस, म्हणजे तुला कळलं होतं. चक्ती मेलेली असताना हे लिहायला बसले होते, दोनदा. पण तेव्हा ती माफी नसती, मदतीची मागणी असती. म्हणून मापं हातात येईपर्यंत आणि ब्लाउजं अंगावर चढेपर्यंत थांबले. बनाबाईंच्या हाती दोन वस्तू पाठवते आहे. पेन ड्राइव्ह तुझा. त्यात तू दुकान सोडलंस त्या दिवसापर्यंतची, वाचलेली सहाशे चाळीस मापं आहेत, मी दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून पाहिलीत. त्या बायकांनी मापं आपल्या दोघींना दिली होती. नंतरच्या बायकांनी फक्त मला दिली, म्हणून ती त्यात नाहीत. काळी डिस्क माझी, वाचलेली सगळी मापं, पासवर्डचं कुलूप लावलेली. तुला रागच असेल तर ती बनाबाईंकडे परत दे, मी समजून घेईन. नसेल तर तुझ्या कपाटात कुठंतरी ठेव, आणि तुझं दुकान सुरू झालं की तुझी डिस्क माझ्याकडे पाठव. मी ती उघडणार नाही, फक्त सांभाळीन. ईटच्या बायकांना मी आजपासून तुझा पत्ता सांगते आहे.

तुझीच,
क्षमा